हस्तापासून नाताळापर्यंत

पंचांगात शरद आणि हेमंत असे दोन ऋतू लिहिलेले असतात. पण आपल्या सांगली-साताऱ्याकडच्या घरांतून हा काळ मोजायची रीत थोडी वेगळी आहे. सप्टेंबरच्या अखेरीस सूर्य हस्त नक्षत्रात जातो, परतीच्या पावसाच्या सरी येतात, शाळवाच्या पेरणीची गडबड उडते आणि अंगणात मुली पाटावर हत्ती काढतात. तिथून सुरुवात. मग घट बसतात, दसरा होतो, कोजागिरीचं दूध आटतं, दिवाळी येते, तुळशीचं लग्न लागतं, औदुंबरला दत्तजयंतीची गर्दी होते. आणि डिसेंबरच्या २५ तारखेला मिरजेत ख्रिस्ती घरांच्या दारांवर कागदी चांदण्या उजळतात. असे हे तीन महिने.

या तीन महिन्यांची एक गंमत तुमच्या ध्यानात आली आहे का? वर्षभरात आपली मुलं हातानं जेवढ्या वस्तू करतात, त्यातल्या बहुतेक याच दिवसांत करतात. माती कालवतात, कामट्या तासतात, कागद चिकटवतात, माळा ओवतात, रांगोळी काढतात. आणि हे करताना घरातलं कुणीतरी मोठं माणूस शेजारी बसलेलं असतं. आई असेल, आजी असेल, एखादा चुलता असेल. आज मला याच गोष्टीबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे. या दिवसांतलं हातकाम म्हणजे नुसता पोरखेळ, असं आपण समजतो. माझं म्हणणं असं, की ही एक बिनखर्चाची शाळा आहे. ती बंद पडली, तर तिची भरपाई दुसरी कुठलीच शाळा करू शकणार नाही.

पहिला धडा हादग्याचा. पुण्याकडं याला भोंडला म्हणतात, विदर्भात भुलाबाई, आपल्याकडं हादगा. हस्त म्हणजे हत्तीचं नक्षत्र, म्हणून पाटावर हत्ती. भिंतीवर हादग्याचं चित्र लावायचं, त्याला फळांच्या, फुलांच्या माळा घालायच्या, फेर धरायचा, रोज एक गाणं वाढवत न्यायचं आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची. सोळा दिवसांत मुलगी काय काय शिकते पाहा. माळेसाठी रानात हिंडून कुठलं फळ कुठं मिळतं ते शिकते, गाणी पाठ करते, आणि वासावरून व डबा हलवून आत काय असेल याचा अंदाज बांधते. शिक्षक बंधुभगिनींनो, अंदाज बांधणं आणि मग डबा उघडून तो पडताळून पाहणं, हीच तर विज्ञानाची पहिली पायरी!

दुसरा धडा घटाचा. घरोघर काळी माती आणून त्यात धान्य पेरतात. नवव्या दिवशी पिवळसर कोवळे कोंब हातभर नसले तरी चांगले बोटभर येतात. देवघरातला हा विधी तर खराच. पण आपल्या वाडवडिलांनी रब्बीच्या तोंडावर बियाणं उगवतं की नाही याची परीक्षाच देवासमोर मांडून ठेवली आहे. पोरांना म्हणावं, मोजून शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवा आणि उगवलेले मोजा. शंभरातले नव्वद उगवले तर बियाणं चांगलं. साठच उगवले तर आबांना सांगा, की पेरताना विचार करायला हवा. पोराचं गणित होईल आणि आबांचं रान वाचेल.

आता सहलींचं बोलू. पावसाळा सरला की कृष्णेचं गढूळ पाणी निवळतं. हरिपूरला वारणा येऊन कृष्णेला मिळते, तो संगम या दिवसांत पाहावा. सांगलीच्या माणसाला नदी काय चीज आहे हे सांगायला नको. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि लोकांच्या घरांच्या माळ्यांपर्यंत पोहोचलं होतं. तीच नदी दोन-अडीच महिन्यांनी घाटाच्या पायऱ्या मोकळ्या करून शांत वाहते. मुलांना तिची ही दोन्ही रूपं दाखवावीत. पुराची खूण भिंतीवर कुठं आहे ते विचारावं, पट्टीनं मोजायला लावावं. भीतीपेक्षा मापाची ओळख बरी.

कडेगाव-पलूसच्या बाजूला सागरेश्वर आहे. तिथलं अभयारण्य माणसांनी उभं केलेलं आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावावीत, हरणं आणून सोडावीत, हा ध्यास धों. म. मोहिते यांनी घेतला आणि १९८५ साली त्या रानाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. सुमारे अकरा चौरस किलोमीटरांचा हा मुलूख. एकदा सुट्टीच्या दिवशी भाकरी बांधून घेऊन जावं आणि मुलांना सांगावं, की बाळांनो, जंगलसुद्धा हातानं करता येतं.

तिसरी जागा मिरज. तिथं सतारमेकरांची गल्ली आहे. पूर्वी हे शिकलगार लोक तलवारी, भाले यांना धार लावायचे. पुढं शस्त्रांचे दिवस संपले, तेव्हा त्यांच्या हातांनी तंबोरे आणि सतारी करायला घेतल्या. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून कडू भोपळे यायचे. ते वाळवायचे, कापायचे, त्यांना दांडी जोडायची, वर नक्षी करायची. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई मिरजेत राहिला, तिथंच त्यांची कबर आहे, आणि मिरजेचा तंबोरा देशभर गवयांच्या मांडीवर गेला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मुलांनी तिथं जाऊन फक्त एक गोष्ट पाहावी: कारागीर तार लावतो, जव्हारीवर घासतो, कान देतो, पुन्हा घासतो. एका सुरासाठी तो किती वेळ थांबतो ते पाहावं. ‘चिकाटी’ या विषयावर निबंध लिहायला सांगण्यापेक्षा ही अर्ध्या तासाची भेट मोलाची आहे.

याच दिवसांत ५ नोव्हेंबर येतो, तो मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, हे आपण शाळेत वाचतो. पण भावे स्वतः हातानं लाकडी कळसूत्री बाहुल्या करीत, सूत्रांनी त्या नाचवीत, हे मुलांना सांगायचं राहून जातं. त्या बाहुल्या पुढं पाध्ये कुटुंबाकडं आल्या आणि रामदास पाध्ये यांनी त्यांना पुन्हा उभं केलं. म्हणजे आपल्या नाटकाची सुरुवात ज्या गावात झाली, तिथला नाटककार आधी सुतारकी जाणणारा माणूस होता! एखाद्या वर्गात जुन्या मोज्यांच्या, नाहीतर मक्याच्या कणसाच्या बाहुल्या करून त्या दिवसाच्या आसपास एक छोटा खेळ लावला, तर पडदा म्हणून आईचं लुगडं पुरतं.

आता दिवाळीकडं वळू. दिवाळीचं हातकाम म्हणजे आकाशकंदील आणि किल्ला.

कंदील बाजारात तयार मिळतो, घडी घातलेला, दोन मिनिटांत उघडणारा. घ्यायला हरकत काहीच नाही. पण एक वर्ष तरी घरी करून बघा. बुरडाकडून बांबूच्या कामट्या आणा. सारख्या लांबीचे चोवीस तुकडे करा. चार-चार तुकड्यांचे सहा चौकोन बांधा. मग या सहा चौकोनांचे कोपरे एकमेकांना दोऱ्यानं जोडत जा. आता गंमत बघा: तुम्ही बांधले फक्त सहा चौकोन, पण मधल्या जागांत आठ त्रिकोण आपोआप उमटतात. ते कुणी केले? मुलांना विचारा. आणखी एक विचारा: हा नुसता सांगाडा हातात लुळा का पडतो? कारण चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण कलत नाही. पण त्यावर पतंगाचा कागद खळीनं ताणून चिकटवला आणि वाळू दिला, की तोच सांगाडा ताठ उभा राहतो. घराच्या छपराला कैची त्रिकोणीच का असते, हे त्या दिवशी मुलाला जे कळेल ते फळ्यावरच्या आकृतीनं कळणार नाही. खाली झिरमिळ्या लावा, आत दिवा सोडा. कंदील थोडा वाकडा झाला तर होऊ द्या. वाकडा कंदील ज्या घरावर असतो, त्या घरात कुणीतरी कुणाला वेळ दिलेला असतो, एवढं जाणाऱ्या-येणाऱ्याला कळतं.

किल्ल्याचं तसंच. अंगणाच्या कोपऱ्यात दगड, विटांचे तुकडे रचायचे, चिखलात बुडवलेलं पोतं त्यावर पसरायचं, वरून लाल माती, आणि उतारावर अळीव किंवा मोहरी पेरायची. चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. कुंभाराकडचे मावळे येतात, महाराज सिंहासनावर बसतात. हल्ली प्लास्टरचे तयार किल्लेही विकायला असतात. त्यात सगळं असतं, फक्त पोराच्या नखांतली माती नसते.

शिक्षकांना माझं सुचवणं आहे, की मुलांना मनचा किल्ला करू द्या, पण एखादं वर्ष खरा किल्ला करायला सांगा. आपल्या जवळ काय थोडे आहेत? साताऱ्यात अजिंक्यतारा, सज्जनगड, वाळव्यात मच्छिंद्रगड, शिराळ्याच्या डोंगरात प्रचितगड, खानापूर तालुक्यात बाणूरगड, म्हणजेच इतिहासातला भूपाळगड. १६७९ साली दिलेरखानानं तो घेतला, तेव्हा फिरंगोजी नरसाळा तिथं किल्लेदार होता. असा एखादा गड आधी पाहून यावा आणि मुलांना तीन प्रश्न घालावेत. गडावर पाणी कुठून मिळायचं? दरवाजा समोरून का दिसत नाही? धान्य कुठं साठवायचे? या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या किल्ल्यात मातीनं दिलेली असतील, तो किल्ला उत्तम. मग त्यावर दिव्यांची माळ असो वा नसो.

इथं कुणी म्हणेल, हे सगळं बोलायला ठीक आहे, पण वेळ कुणाला आहे? खरं आहे. याच दिवसांत द्राक्षबागांच्या छाटण्या झालेल्या असतात, फवारणीची धावपळ असते, शाळवाला कोळपण लागतं, उसाला तोड मिळवायची असते. घरातली बाई तर पहाटेपासून भाजणी, करंज्या, चकल्या आणि वर शेणसडा यांत बुडालेली असते. म्हणून मी वेगळा वेळ काढा असं सांगत नाही. चकली पाडताना मुलाला सोऱ्या धरू द्या. पाडव्याला दारात शेणाचे पांडव घालताना त्याच्या हातून एक तरी घालून घ्या. तुमचं काम थोडं लांबेल, पीठ थोडं सांडेल, एवढंच. पण एक गोष्ट मात्र गड्यांनी ऐकावी: मुलांना शेजारी बसवण्याचं काम एकट्या बाईवर टाकू नये. कामट्या तासायला बाप बसला, तर पोराला त्या कंदिलाची आठवण म्हातारपणापर्यंत पुरते.

श्रोतेहो, आता जे सांगणार आहे ते जरा मन लावून ऐका.

दिवाळीच्या सुमारालाच आपल्याकडं साखर कारखान्यांची धुराडी पेटतात. बीडकडून, तशाच आपल्याच जिल्ह्यातल्या जत-आटपाडीच्या कोरडवाहू भागातून ऊसतोडणी करणारी कुटुंबं येतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. माळावर नाहीतर फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. पहाटे अंधारात आईबाप फडात जातात आणि सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोपीच्या तोंडाशी बसते. तिच्या गावच्या शाळेच्या हजेरीपटावर तिचं नाव असतं. काही ठिकाणी अशा मुलांना गावीच ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहं काढली गेली, काही ठिकाणी कारखान्याजवळ साखरशाळा चालल्या. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क आहे, असा कायदा २००९ साली झाला. पण हक्क कागदावरून कोपीपर्यंत चालत जायला वाटेत माणसं लागतात.

यातली एक अडचण आपल्या सहसा लक्षात येत नाही. ही मुलं आपल्या गावात येतात, तेव्हा नेमकी शाळेला दिवाळीची सुट्टी असते. गुरुजी आपल्या गावी गेलेले असतात, शाळेला कुलूप असतं. म्हणजे गावाची आणि त्या मुलांची पहिली भेट शाळेत होऊच शकत नाही. झालीच, तर ती आपल्या अंगणातल्या किल्ल्यापाशी होते. कोपीतली पोरं रस्त्यावर उभी राहून किल्ला बघतात. त्या वेळी आपण काय करतो, यावर पुढचं पुष्कळ काही अवलंबून आहे. “हात लावू नका रे” म्हणून हाकललं, तर शाळा उघडल्यावर ती पोरं वर्गाच्या दाराशी येणार नाहीत. आणि “ये रे, जरा दगड दे” असं म्हटलं, तर सुट्टी संपेपर्यंत त्यांचे गावात चार सवंगडी झालेले असतात. मग शाळेत नेण्यासाठी गुरुजींना कोपीकोपी हिंडावं लागत नाही. पोरंच पोरांना घेऊन येतात.

आणि ही पोरं रिकाम्या हातानं येत नाहीत बरं का. काळ्या मातीचे बैल करावेत तर त्यांनीच. वशिंड, शिंगं, जू, मोळ्या भरलेली गाडी, सगळं जिथल्या तिथं. कारण ते त्यांनी रोज पाहिलेलं असतं. आपल्या किल्ल्याच्या पायथ्याशी बाजार असतो, शेत असतं. त्यात त्यांच्या हातची एक बैलगाडी उभी राहू द्या. गावातल्या मुलाला जे येत नाही ते आपल्याला येतं, हे त्या मुलाला एकदा कळलं, की अनोळखी गावात त्याची मान वर होते. शिक्षकांनी सुट्टीवर जाण्याआधी आपल्या मुलांना एवढंच सांगून जावं: “कोप्या आल्या, की किल्ल्यावर बोलवा.” आयांनी फराळाच्या दोन वाट्या जास्त भराव्यात. याला ना सरकारी मंजुरी लागते, ना वर्गणी.

दिवाळी सरते. तुळशीचं लग्न लागतं, थंडी पडते, शाळू पोटरीला येतो. मार्गशीर्षात दत्तजयंती होते आणि पाठोपाठ नाताळ. आपल्या भागात नाताळ ही काही परक्याची गोष्ट नाही. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेला दवाखाना काढला. मिशनचा दवाखाना म्हणून कर्नाटकापासून माणदेशापर्यंतच्या पिढ्यांनी त्याचं नाव घेतलं. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या अखेरच्या काळात साताऱ्यात राहिले. त्यांनी ख्रिस्ताची भक्ती अभंगांतून गायिली. इथली ख्रिस्ती घरं मराठीच आहेत, आणि त्यांच्या नाताळच्या ताटात करंजी असते, शंकरपाळी असते, चकलीही असते. शेजारधर्म असा, की दिवाळीत आपलं ताट त्यांच्याकडं जातं आणि दीड-दोन महिन्यांनी तेच ताट भरून परत येतं. रिकामं ताट परत करायचं नसतं, हे दोन्हीकडच्या आज्यांना ठाऊक असतं.

आणि त्या घरांवरची चांदणी पाहिलीत ना? तीही कामट्यांचीच. पाच सारख्या कामट्या एकमेकींवरून नेऊन बांधल्या की पाच टोकांची चांदणी होते. अशा दोन चांदण्या करायच्या, त्यांची टोकं एकत्र बांधायची आणि मधे पाच छोटे तुकडे उभे अडकवायचे, म्हणजे पोट फुगतं आणि आत दिवा मावतो. कागद तोच, खळ तीच, बुरूडही तोच. दिवाळीच्या कंदिलाच्या उरलेल्या कामट्या टाकून न देता पोरांनी जपून ठेवाव्यात, आणि डिसेंबरात शाळेत एक चांदणी करावी. वर्गात ख्रिस्ती मूल असेल तर त्याला आपला सण वर्गाचा झाल्यासारखं वाटेल. नसेल तरी शेजारच्या गावचा सण आपल्या हातानं केल्याचं समाधान मिळेल. शेजाऱ्याबद्दल शंभर चांगले शब्द ऐकण्यापेक्षा त्याच्या दारावरची एक वस्तू करून पाहिली, तर तो जवळचा वाटू लागतो.

तेव्हा श्रोतेहो, या तीन महिन्यांसाठी माझ्या तीन विनंत्या. घरात एक वस्तू विकत न आणता हातानं करा, आणि ती करताना मोठ्यानं लहानाशेजारी बसा. सुट्टीत एक ठिकाण पायी किंवा एस. टी. नं जाऊन पाहा आणि तिथं काहीतरी मोजून या. आणि आपल्या अंगणातल्या किल्ल्यापाशी ज्याला कुणी बोलावलेलं नाही असं एक मूल बोलवा.

हात फिरे तिथं लक्ष्मी वसे, असं आपली जुनी माणसं म्हणत. शाळवाच्या पेरणीपासून नाताळापर्यंत आपल्या पोरांचे हात फिरत राहोत.